रेषा हलली नाही

आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य म्हणजे ‘नो रेकॉर्डेबल इंडिकेशन’. वेल्डिंगचे जोड तपासून मी जो रिपोर्ट देतो, त्याच्या शेवटच्या रकान्यात जागा कमी असते, म्हणून ते आखडून ‘एनआरआय’ लिहायचं. पुतण्याने एकदा टेबलावर पडलेला रिपोर्ट वाचून विचारलं होतं, “काका, हे सगळे जोड परदेशात राहतात का?” घरात बरेच दिवस हा विनोद पुरला. त्या वाक्याचा अर्थ मात्र जपून लावायचा असतो. जोड चांगला आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. नोंद करावी असं काही मला दिसलं नाही, एवढंच म्हटलं आहे. या दोन्हींच्या मधल्या फटीत माझी नोकरीची बावीस वर्षं गेली, आणि एकदा त्याच फटीत पाय अडकला. ते सांगायचं आहे, पण आधी थोडं कामाबद्दल.

दोन प्लेटा वेल्डिंगने जोडल्या, की त्या जोडाच्या पोटात काही राहून गेलंय का, हे प्लेट न कापता बघायचं, हे माझं काम. शॉपमध्ये याला ‘यूटी’ म्हणतात. अल्ट्रासॉनिक टेस्टिंग एवढं लांबलचक म्हणायला कुणाला वेळ नसतो. “यूटीवाले आले का?” ही हाक बहुतेक वेळा वैतागलेलीच असते. यूटी झाल्याशिवाय जॉबला पेंट नाही, पेंटशिवाय गाडी नाही, आणि गाडी गेटबाहेर पडल्याशिवाय बिल नाही. त्यामुळे भोसरीत मी कुठेही गेलो तरी कुणाचे तरी पैसे अडवून उभा असतो.

नातेवाइकांना मी सोनोग्राफीचं उदाहरण देतो, आणि ते खोटं नाही. तिथे पोटावर जेल, इथे प्लेटवर ग्रीस. आवाज आत सोडायचा आणि परत काय येतं ते बघायचं. तिथे पडद्यावर चित्र उमटतं, माझ्या मशीनवर नुसती एक आडवी रेषा असते. आतून काही परत आलं, तर त्या रेषेला टोक येतं. (हल्ली फेज्ड अ‍ॅरेची मशीनं आली आहेत, त्यांत रंगीत चित्रही दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कामांना मात्र जुनी रेषाच परवडते.) आईला हे काही पटायचं नाही. “दिवसभर कान लावून काय ऐकतोस रे?” असं ती विचारायची. ऐकत काहीच नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत पोचतो, तोही तरुणपणी. माझा प्रोब, म्हणजे प्लेटवर टेकवून आवाज सोडायचं आणि परत घ्यायचं साधन, चाळीस लाखांवर बोलतो. आवाजाच्या धंद्यात असून मी दिवसभर एका मुक्या रेषेकडे बघत बसतो.

खरं तर हे काम आईलाच जास्त येत होतं. माठ घ्यायला गेलो, की ती तो डाव्या हातावर तोलून धरायची आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजला तर बाजूला ठेवायचा, बद्द वाजला तर परत. कुंभाराला त्यात अपमान वाटायचा नाही, तो स्वतःच वाजवून दाखवायचा. ‘बद्द’ या शब्दाला दुसरा शब्द मी बरीच वर्षं शोधतो आहे. ‘मंद’ नाही, ‘पोकळ’ नाही, ‘फुटका’ही नाही. तडा डोळ्याला दिसायच्या आधी कानाला जे कळतं, ते बद्द. पण या परीक्षेची एक मर्यादा आहे. टिचकी मारली की सगळा माठ एकदम उत्तर देतो. कुठेतरी बिनसलंय एवढं तो सांगतो, कुठे ते सांगत नाही. टिचकीतला आवाज सेकंदाला हजारभर कंपनांचा धरला, तर पोलादात त्याची एक लाट तीन मीटरहून लांब होते. दोन मिलिमीटरच्या छिद्राची ती काय दखल घेणार! चाळीस लाख कंपनं केली, की पोलादातून तिरकी जाणारी लाट पाऊण-एक मिलिमीटरवर येते, आणि मग बारीकसारीक गोष्टीही तिच्या वाटेत आडव्या येऊ लागतात. कंपनं वाढवायची ती यासाठी.

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती सोव्हिएत शास्त्रज्ञ सर्गेई सोकोलोव यांनी, लेनिनग्राडमध्ये, १९२८ साली. त्यांची रीत अशी होती, की धातूच्या एका बाजूने आवाज सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजायचं. मधे दोष असेल तर पलीकडे सावली पडते. पण सावलीवरून दोष किती खोल आहे ते कळत नाही, आणि दोन्ही बाजूंनी हात पोचायला हवा, ही अडचण वेगळीच. एकाच बाजूने आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडायचा, हे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी साधलं. १९४० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९४२ मध्ये ते मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोनाल्ड स्प्रूल स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले होते. दिवस युद्धाचे होते. जहाजं रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडली जाऊ लागली होती, म्हणजे जहाजाचा सांगाडा एकसंध झाला होता. रिव्हेटच्या जहाजात तडा गेला तर तो बहुधा त्या प्लेटच्या काठाशी थांबतो. एकसंध सांगाड्यात त्याला थांबवणारं कुणी नसतं. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभं असताना मधोमध मोडलं. दोष एकट्या वेल्डिंगचा नव्हता, थंडीत ठिसूळ होणाऱ्या पोलादाचाही होता. पण त्यानंतर जोडाच्या पोटात बघायची निकड कुणाला समजावून सांगावी लागली नसेल.

आता ग्रीसबद्दल, कारण नवीन आलेल्या प्रत्येक हेल्परचा पहिला प्रश्न तोच असतो. पोलाद आणि हवा यांची सीमा आली, की आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा मागे फिरतो. पलीकडे जातो तो नावापुरताही नाही. प्रोब कोरड्या प्लेटवर कितीही दाबून धरा, मधे हवेचा पापुद्रा राहतोच, आणि तेवढा आवाजाला अडवायला पुरतो. म्हणून ग्रीस, नाहीतर तेल, नाहीतर खळीसारखी पेस्ट. गंमत अशी, की ज्या हवेला मी बाहेर चिंधीने पुसून काढतो, तीच आत सापडावी म्हणून धडपडतो. जोडात जिथे धातू धातूला मिळालेला नाही, तिथे केसाएवढी फट असते, आणि त्या फटीतली हवा आवाजाला आरशासारखी परत पाठवते. फट दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून बसलेली असेल, तर मात्र आवाज तिच्यातून बिनबोभाट पलीकडे निघून जातो. म्हणजे वाईट जोड जितका चांगला वठलेला, तितका तो मला दिसायला कठीण.

सकाळी पहिलं काम कॅलिब्रेशनचं. व्ही-वन नावाचा एक पोलादी ठोकळा असतो, पंचवीस मिलिमीटर जाड, एका टोकाला शंभर मिलिमीटर त्रिज्येची गोलाई. वजन पाचेक किलो, आणि आम्ही तो फडक्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखा नेतो, कारण त्याला ओरखडा पडलेला चालत नाही. त्यावर मशीनचं घड्याळ लावून घ्यायचं. घड्याळच ते. पोलादात सरळ जाणारा आवाज सेकंदाला साधारण ५,९०० मीटर पळतो. पंचवीस मिलिमीटरच्या प्लेटमध्ये खाली जाऊन वर यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे आठ-साडेआठ भाग लागतात. मशीन तेवढा वेळ मोजतं आणि त्याची खोली करून दाखवतं. मग जोडाशेजारची मूळ प्लेट सरळ प्रोबने तपासायची. रोलिंगमध्येच प्लेटला आत पापुद्रा सुटलेला असेल, तर तिरका आवाज त्याच्यावर आपटून भलतीकडे जाईल, आणि आपण जोड तपासतोय असं वाटूनही जोडापर्यंत पोचलेलोच नसू. हे काम कंटाळवाणं असतं, आणि घाई असली की पहिली गाळली जाते ती हीच पायरी.

त्यानंतर तिरके प्रोब. पंचेचाळीस, साठ आणि सत्तर अंशांचे. वेल्डिंगचा वरचा भाग, म्हणजे कॅप, फुगीर असतो. त्यावर प्रोब टेकत नाही, म्हणून शेजारच्या प्लेटवर उभं राहून आवाज तिरका आत सोडायचा. तो खाली जातो, प्लेटच्या तळावर आपटतो आणि पुन्हा वर येतो. कॅरममध्ये समोरची सोंगटी सरळ मिळत नसली की आपण कडेवर रिबाउंड मारतो, तसंच. किती मागून स्ट्रायकर सोडला तर सोंगटी कुठे लागेल, याचं गणित असतं. वीस मिलिमीटरची प्लेट आणि सत्तरचा प्रोब असेल, तर आवाज खाली जाऊन पुन्हा वर पोचेपर्यंत ११० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. साठच्या प्रोबने तोच फेरा ६९ मिलिमीटरमध्ये होतो. याला स्किप म्हणतात.

आणि आवाज परत यायचा, तर दोषाचं तोंड त्याच्याकडे हवं. आरशात स्वतःला बघायचं तर आरशासमोर उभं राहावं लागतं, कडेने गेलात तर भिंत दिसते. साठ अंशांच्या व्ही आकाराच्या जोडात प्लेटची कड उभ्यापासून तीस अंश झुकलेली असते. त्या कडेला वेल्ड चिकटलंच नसेल, तर खाली आपटून वर येणारा साठचा आवाज तिच्यावर बरोबर काटकोनात पडतो. सत्तरचा दहा अंशांनी चुकतो. म्हणून प्रोसीजरमध्ये दोन कोनांनी बघा असं लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यांना आपण कधी ना कधी ‘हे ऑफिसात बसून लिहितात’ म्हणून शिव्या दिलेल्या असतात.

रेषेवरची टोकं हळूहळू ओळखीची होतात. बारीक बारीक छिद्रं असली, तर बुटक्या झुडपांसारखी गर्दी उठते. कड चिकटलेली नसेल, तर एकच सुई, सडसडीत, आणि प्रोब जरा वळवला की पट्कन मरणारी. स्लॅग, म्हणजे वेल्डमध्ये अडकलेला मळ, यांच्या मधला, ओबडधोबड. खोटी टोकंही येतात. कॅपच्या फुगीर पाठीवर आपटून आवाज परतला, की नवा माणूस त्याला दोष समजून धावत सुटतो. त्यावर जुना उपाय असा, की ग्रीसचं बोट त्या कॅपवर टेकवायचं. टोक बोटासरशी खाली बसलं, उचललं की वर आलं, म्हणजे आवाज पृष्ठभागावरून येतोय. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला ती प्लेट जिवंत आहे असंच वाटलं होतं. आजही एकटा असलो, तर गरज नसताना दोन-तीनदा बोट टेकवून बघतो.

भोसरीतल्या एका शॉपमध्ये एक वेल्डर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. बार्शीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कानांनी थोडे अधू. तीस वर्षं शेजारी ग्राइंडर आणि छन्नी-हातोडा चालू असल्यावर दुसरं काय होणार! पण आर्कचा आवाज त्यांना बरोबर ऐकू यायचा. काच तोंडासमोर धरलेली असताना शेजारचा पोरगा वेल्डिंग करत असेल, तर मान न वळवता म्हणायचे, “लांब धरतोय रॉड. जवळ घे.” चरचर बदलली की त्यांना कळायचं. मी दहा हजारांचा प्रोब घेऊन मुक्या रेषेकडे बघायचो आणि हे अर्धे बहिरे गृहस्थ ऐकून वेल्डिंग करायचे.

माझा पाय अडकला त्या दिवशी बुधवार होता. भोसरीत बुधवार संध्याकाळ म्हणजे काय ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणून सगळं बुधवारीच बाहेर पडायला हवं असतं. एका मशीनची बेस फ्रेम होती, वरची प्लेट पंचवीस मिलिमीटरची, तिला मधे एक जोड. जोडाच्या एका अंगाला बेअरिंगचं पॅड अगदी चिकटून, तिथे प्रोब ठेवायला जागाच नाही. दुसऱ्या अंगाला आडवी पट्टी, वेल्डच्या काठापासून ११५ मिलिमीटरवर. खालून बघायचं, तर जॉब पलटी करायला हवा, आणि क्रेनवाला पाचलाच निघून गेलेला. ट्रेलर गेटवर उभा, ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून झोपलेला. माझ्याकडे साठचा प्रोब होता, पण त्याची केबल दुपारपासून मधेच सिग्नल सोडत होती. दुसरी केबल ऑफिसात. सत्तरचा प्रोब ठणठणीत होता.

मी प्लेट पुसत होतो तेव्हा मामा आले. हातातल्या चॉकने त्यांनी जोडाशेजारी एक बारीक खूण केली.

“साहेब, इथं जरा बारकाईनं बघा.”

“का हो?”

“वरच्या रनला लाईट गेली होती. पुन्हा चालू केलं, तेव्हा आधीचं टोक ग्राइंडरनं साफ करायला पाहिजे होतं. केलं, पण मनासारखं नाही झालं. मागं लागलेले सगळे.”

मी बघितलं. खरंच बारकाईने बघितलं, हे मला आजही स्वतःला सांगावंसं वाटतं. गेन, म्हणजे रेषेवरची टोकं उंच दाखवायची ताकद, वाढवून, प्रोब मागेपुढे, आडवा, थोडा वळवून. प्रोब मागे नेताना त्याचं बूड पट्टीला लागत होतं. लागलं की मी पुढे यायचो. रेषा सपाट होती.

“मामा, काही नाही. रेषा हलली नाही.”

“नाही ना?” त्यांनी खूण अंगठ्याने पुसली. “मग माझ्याच मनात असेल.”

रिपोर्टमध्ये तपासणीतल्या अडचणी लिहायला एक रकाना असतो. तो मी कोरा सोडला. शेवटच्या रकान्यात एनआरआय लिहिलं. ट्रेलर सव्वासातला गेला. घरी जाताना मी वडापाव खाल्ला, तो चांगला होता, हेही आठवतं.

पाच-सहा आठवड्यांनी साइटवरून फोन आला. ग्राहकाने नेमलेल्या तपासनिसाला त्याच जोडात दोष मिळाला होता, लांबी चाळीस मिलिमीटर, खोली सात. कड चिकटलेली नाही. मी गेलो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असा तो मुलगा, अतिशय नम्र. त्याने साठचा प्रोब काढला, वेल्डच्या काठापासून सत्तर मिलिमीटर मागे ठेवला, आणि पडद्यावर ती सुई उभी राहिली. सडसडीत, एकटी. प्रोब जरा वळवला तर मेली. सरळ केला तर पुन्हा उभी. पुसलेल्या खुणेची जागा मला शोधावी लागली नाही.

मी खाली बसून फ्रेमवरच चॉकने गणित मांडलं. पंचवीसची प्लेट, सत्तरचा प्रोब. खाली आपटून वर येताना सात मिलिमीटर खोलीवर ती कड गाठायची, तर आवाज प्रोबच्या ज्या बिंदूतून बाहेर पडतो तो बिंदू वेल्डच्या काठापासून ११४ मिलिमीटर मागे हवा. पट्टी ११५ वर. म्हणजे एक मिलिमीटर जागा होती, असं म्हणायचं असेल तर म्हणता येईल. पण त्या बिंदूच्या मागे प्रोबचं बूड पंधरा मिलिमीटर असतं. वरची अकरा मिलिमीटर कड मी त्या संध्याकाळी बघितलेलीच नव्हती. रेषा हलली नाही हे खरं होतं. ती हलण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. आणि हे गणित काही नंतर लावलेला शोध नव्हे. दोन मिनिटांचं काम, बुधवारीही करता आलं असतं. प्रोब पट्टीला लागत होता, तेव्हा हाताला ते कळतही होतं.

पुढचं लवकर सांगतो. जोड गाउजिंग करून, म्हणजे वेल्ड खोदून, उघडला, डीपी मारून, म्हणजे फटीत रंग झिरपवून, बघितला, पुन्हा भरला, पुन्हा तपासला. खर्च शॉपवर आला, शॉपने तो खाली ढकलला. मामांचे दोन दिवस कापले गेले आणि त्यांची वेल्डर टेस्ट पुन्हा घेतली. तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाला टेस्ट पीस मारायला बसवलं, आणि बाकीची पोरं बघत होती. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, ‘तपासणीस जागा मर्यादित होती’. बुधवारी कोऱ्या रकान्यात लिहायचं होतं तेच वाक्य. चॉकच्या खुणेबद्दल काही लिहिलं नाही. मामांनीही कुणाला सांगितलं नाही.

नंतर टपरीवर मी विषय काढला. ते चहा बशीत ओतत होते. जरा मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे शेजारचेही ऐकत होते.

“मामा, तुम्ही दाखवलं होतंत. चूक माझी.”

ते म्हणाले, “मला ठाऊक होतं, तर मीच ते खोदून परत मारायचं. तुम्ही नाही म्हणालात, ते बरं वाटलं. एवढंच.”

यावर मी काय बोलणार! दोघांनाही घरी जायचं होतं, दोघांनाही ‘नाही’च ऐकायचं होतं, आणि मशीन माझ्या हातात होतं.

यानंतर बऱ्याच वर्षांनी एका कोर्समध्ये ‘अलेक्झांडर एल. कीलंड’ची गोष्ट ऐकली. उत्तर समुद्रातलं हे नॉर्वेचं तरंगतं फलाट. तेलक्षेत्रातले कामगार त्यावर राहायचे. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी, वादळात, त्याच्या पाच पायांपैकी एक तुटला आणि ते उलटलं. वर २१२ माणसं होती, १२३ गेली. पायाला धरून ठेवणारी एक आडवी नळी आधी मोडली होती, आणि ती जिथून मोडली तिथे एक छोटी बैठक वेल्ड केलेली होती, सहा मिलिमीटरच्या वेल्डने. कशाची बैठक? पाण्यातला आवाज ऐकणाऱ्या हायड्रोफोनची. फलाटाचा कान म्हणा. मुख्य सांगाड्याचे जोड महत्त्वाचे, ही तर एक फुटकळ जोडणी, म्हणून तिच्याकडे त्या नजरेने कुणी बघितलं नव्हतं. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे बांधणीच्या वेळी, रंग लावला तेव्हाच तडा तिथे होता, आणि रंगाऱ्याचा ब्रश त्याच्यावरून फिरला होता. वर्गात बाकीचे वही भरत होते. माझ्या डोळ्यांसमोर अंगठ्याने पुसलेली चॉकची खूण होती. कीलंडची आणि माझ्या बेस फ्रेमची तुलना करणं म्हणजे स्वतःला फार मोठं करणं आहे, हे कळतं. माझ्या चुकीने कुणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री झोप उशिरा लागली.

आता मला चाळिशी लागली आहे. आमची दरवर्षी डोळ्यांची परीक्षा असते. हातभराहून कमी अंतरावर धरलेल्या कार्डावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायची, मग सर्टिफिकेट चालू राहतं. मी चष्मा लावून पास होतो. प्रोब पट्टीला लागल्यावर माणूस काय करतो, याची परीक्षा कुणी घेत नाही.

अडचणींचा तो रकाना मी आता आधी भरतो. ‘अमुक बाजूने तपासता आलं नाही, अमुक खोली राहिली’ असं लिहिलं, की क्वालिटीवाले फोन करतात. “साहेब, हे कशाला लिहिता? कस्टमर प्रश्न विचारतो.” मी म्हणतो, जॉब पलटी करून द्या, खोडतो. बहुतेक वेळा पलटी करून देतात, शिव्या घालत. एक-दोन शॉपनी मला बोलवायचं बंद केलं. तेही रास्तच आहे. बुधवार त्यांनाही असतो.

आणि एक सवय लागली आहे. ग्रीसचा डबा उघडण्याआधी वेल्डरला विचारतो, “कुठे बघू?” जुने वेल्डर हसतात आणि दाखवतात. नव्या पोरांना राग येतो. चाकणच्या एका शॉपमध्ये लातूरचा एक पोरगा आहे, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, “तुम्हीच शोधा ना सर. त्याचेच पैसे घेता.” सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या वेळी त्याने खांदे उडवले. तिसऱ्या वेळी मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. मी व्ही-वनवर घड्याळ लावत होतो, आणि तो जोडाजवळून उगाचच, काहीतरी विसरल्यासारखा जाऊन आला. मी उठून प्लेटपाशी गेलो, तर काठापासून वीतभर अंतरावर चॉकची एक बारीक रेघ होती. तो पलीकडे केबल गुंडाळत पाठमोरा उभा होता. मी काही बोललो नाही. पिशवीतून आधी साठचा प्रोब काढला आणि केबल नीट बसली आहे का ते बघितलं.